बुडाच्या टेकडीवर इलोनानेनी

ब्रिस्टलच्या त्या रस्त्याला इतका चढ होता की गाडी उभी केल्यावर मी हँडब्रेक दोनदा तपासला. उतरून चार पावलं गेले आणि परत फिरून तिसऱ्यांदा तपासला.

"आई, इट्स फाइन," ईरा म्हणाली. ईरा माझी मुलगी. अकरा वर्षांची, मिल्टन कीन्समध्ये जन्मलेली, सपाट गावात वाढलेली. तिला चढाची सवय नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून घरं होती, एक पिवळं, एक निळं, एक शेंदरी. वर चढताना पोटऱ्या ताणल्या आणि मला काही आठवायच्या आधीच पायांना आठवलं. असंच अंग पुढे झुकवून, असाच श्वास मोजत मी तीन वर्षं दर शनिवारी एक टेकडी चढत होते. बुडापेस्टमधली, नदीच्या बुडा बाजूची, किल्ल्याची टेकडी. खाली डॅन्यूब आणि वर इलोनानेनी.

आता इलोनानेनी इथे होत्या, या पिवळ्या घरात, त्यांच्या मुलीकडे. मुलीचं नाव युदित. तिचा ईमेल मला मार्चमध्ये आला होता. 'आईच्या जुन्या वहीत तुझा पत्ता सापडला. दोन वर्षं झाली, तिला मी इकडे आणलंय. ती आता इंग्लिश जवळजवळ विसरलीये. फक्त टूरबद्दल बोलते. तू तेव्हा तिच्याबरोबर होतीस. येशील का?'

मी लगेच 'येते' असं लिहिलं आणि जुलै उजाडेपर्यंत गेले नाही. मध्ये ईराच्या परीक्षा होत्या, ऑफिसचं एक रिलीज होतं, एकदा पाऊस होता. कारणं खरी होती. पण दर रविवारी सकाळी मी गाडीची किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहायचे आणि मग बाजारहाट करून परत यायचे.

*

बुडापेस्टला मी सव्विसाव्या वर्षी गेले. कंपनीने पाठवलं होतं. सोमवार ते शुक्रवार नदीपलीकडे पेस्टमधल्या काचेच्या इमारतीत लॅपटॉपसमोर, आणि शनिवारी टेकडीवर. पुण्याहून मराठी सहली यायच्या तिथे. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, पिशवीत चकल्या. त्यांची किल्ल्यावरची गाईड म्हणजे इलोनानेनी. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, राखाडी केसांचा घट्ट अंबाडा. त्या इंग्लिशमध्ये सांगायच्या आणि ज्यांना इंग्लिश जड जायचं त्यांच्यासाठी मी मराठीत. 'नेनी' म्हणजे त्यांच्याकडे मावशी, काकू, असं काहीही. आमच्या लोकांना ते 'नानी' ऐकू यायचं आणि अर्ध्या तासात सगळी बस त्यांना नानी म्हणायला लागायची. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

सोळा नंबरची बस टेकडीवर यायची. दार उघडलं की एप्रिलमध्ये पश्चिमेकडच्या तटावरून चेरीच्या फुलांचा ओलसर, जवळजवळ न येणारा वास. जूनमध्ये मात्र लिंडनचा असा दाट वास की कोणी मध सांडलाय असं वाटावं. लाकडी दांड्याभोवती कणीक गुंडाळून, साखरेत घोळवून निखाऱ्यांवर भाजायचे, त्याचा दालचिनीचा धूर बारा महिने हवेत. ऑगस्टमध्ये राजवाड्याच्या अंगणात कारागिरांचा मेळा भरायचा. चामडं, लोकर, ताजं कापलेलं लाकूड. एक म्हातारा मातीच्या शिट्ट्या विकायचा आणि दिवसभर त्यातली एक स्वतःच वाजवायचा. सप्टेंबरमध्ये वाइनचा मेळा, डिसेंबरमध्ये लवंगा आणि बर्फ. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एखाद्या घराच्या चौकात व्हायोलिनची मैफल असायची. आत जायची आमची ऐपत नसायची, म्हणून आम्ही दोघी बाहेरच्या भिंतीला टेकून ऐकायचो. भिंत दिवसभराच्या उन्हाने गरम असायची. मी पाठ टेकायचे. त्या फक्त तळहात टेकायच्या, आणि दोन मिनिटांनी फेऱ्या मारायला लागायच्या.

त्यांना एका जागी थांबलेलं मी कधी पाहिलं नाही. बस उशिरा आली की त्या थांब्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यापासून थांब्यापर्यंत चालत राहायच्या. कॉफी उभ्यानेच घ्यायच्या. पर्यटकांच्या घोडागाड्या जायच्या तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडे व्हायच्या आणि घोडे दिसेनासे होईपर्यंत दुकानांच्या काचांकडे बघत राहायच्या.

फेरफटका नेहमी एकाच ठिकाणी सुरू व्हायचा. टेकडीवरच्या जुन्या घरांच्या दारांत, वेशीसारख्या बोळात शिरलं की भिंतीत दगडी कोनाडे आहेत. टोकदार कमानीचे, सहाशे वर्षांपूर्वीचे. प्रत्येकात एका माणसापुरती बैठक. इलोनानेनी हातमोजा काढून दगडावर हात फिरवायच्या.

"या बैठका कोणासाठी होत्या, कोणालाच नक्की माहीत नाही," त्या म्हणायच्या. "कोणी म्हणतं पहारेकऱ्यांसाठी, कोणी म्हणतं नोकरांसाठी. मला विचाराल तर, वाट बघणाऱ्यांसाठी. बसा. एकेक करून बसा." आणि मग माझ्याकडे वळून, "मोश्त ते." म्हणजे, आता तू.

मी मराठीत सांगायचे. लोक हसत हसत पाळीने बसायचे, फोटो काढायचे. दुपारी बाराला रंगीत कौलांच्या चर्चची घंटा सुरू व्हायची आणि सगळ्या टेकडीवर बाकीच्या घंटा तिला जाऊन मिळायच्या. तेवढा वेळ इलोनानेनी बोलायचं थांबायच्या. पाय मात्र थांबायचे नाहीत.

*

युदितने दार उघडलं. साठीची बाई, आईसारखीच बारीक, पण डोळ्यांखाली काळं. आत खिडकीपाशी इलोनानेनी उभ्या होत्या. अंबाड्याच्या जागी कापलेले केस. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखलं का, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी हंगेरियनमध्ये विचारलं ते मात्र मला समजलं, कारण तीन वर्षं दर शनिवारी तेच ऐकलं होतं.

"आज किती जण?"

"दोघी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, कमीच आहेत पण ठीक आहे, अशी. तेवढ्यात ईरा जवळच्या खुर्चीत बसली. खुर्चीच्या पाठीवर एक तपकिरी कार्डिगन होतं. इलोनानेनी चटकन पुढे आल्या आणि तिच्या बाहीला धरून म्हणाल्या, "फोगलाल्त."

ईरा घाबरून उठली. "सॉरी, सॉरी."

"तुझी काही चूक नाही गं," युदित थकल्या आवाजात म्हणाली. "ती कोणालाच बसू देत नाही तिथे. स्वतःही बसत नाही. 'जागा घेतलेली आहे' म्हणते. कोणी घेतली विचारलं तर सांगत नाही. जेवते तीसुद्धा त्या खुर्चीशेजारी उभ्याने."

तो शब्द मी आधी एकदा ऐकला होता.

इलोनानेनींनी माझा दंड धरला. बाहेर जायचं होतं. आम्ही रस्त्यावर आलो, त्या आणि मी पुढे, ईरा मागे. त्या हंगेरियनमध्ये बोलत होत्या, सलग, सरावाच्या लयीत, आणि मला दहातला एखादाच शब्द कळत होता, पण बुडाच्या टेकडीवर त्या कुठे पोचल्यात हे मला पाठ होतं. शेंदरी घरासमोर त्या म्हणाल्या, "मोश्त ते," आणि मी ईराला मराठीत सांगितलं की हे घर एका औषधवाल्याचं होतं, तिथे वाळवलेल्या मुळ्यांचा वास येतो. लाल टपालपेटीपाशी थांबून सांगितलं की इथून नदी दिसते.

ईराने वाकून पाहिलं. खाली रेल्वेचे रूळ आणि एक गोदाम होतं. "हो, दिसते," ती म्हणाली. मग हळूच, "आई, ती दमत नाही का? सगळा टाइम चालते."

*

शेवटचा फेरफटका ऑक्टोबरमधला होता. माझी इंग्लंडची बदली ठरली होती, सामान बांधून झालं होतं. ऊन स्वच्छ, तटावरच्या चेस्टनटची पानं पायाखाली वाजत होती. गटात साताऱ्याच्या एक आजी होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या दगडी बैठकीत बसल्या त्या उठेनात. त्यांनी इलोनानेनींकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अगं, यांना विचार की, सगळ्यांना बसवतात आणि स्वतः का नाही बसत?"

मी विचारलं. गंमत म्हणून विचारलं.

इलोनानेनींनी दगडावरचा हात काढून घेतला. मग आजींकडे बघत, त्यांच्या त्या सावकाश, व्यवस्थित इंग्लिशमध्ये बोलायला लागल्या.

त्या सहा वर्षांच्या होत्या. महायुद्धाचा शेवटचा हिवाळा, शहराला वेढा पडलेला. त्यांचं घर याच गल्लीत होतं. टेकडीच्या पोटात तळघरांखाली तळघरं आहेत. तिथे सगळी गल्ली उतरली होती. सात आठवडे. मेणबत्तीचा धूर, ओली लोकर, आणि वर मेलेल्या घोड्यांचं मांस कोणी कापून आणलं की त्याचा उकळल्याचा वास. बसायला जागा नव्हती. माणसं पाळीपाळीने बसायची. मायलेकींकडे एक बटाट्यांचं पोतं होतं, रिकामं होत आलेलं, त्यावर दोघी दाटीने बसायच्या. एका सकाळी पाण्यासाठी बर्फ आणायला आई बादली घेऊन वर निघाली. आपल्या जागेवर तिने डोक्याचा रुमाल पसरला आणि म्हणाली, 'हलू नकोस. कोणी विचारलं तर सांग, फोगलाल्त. जागा घेतलेली आहे.'

आई आली नाही. मुलीने दोन दिवस जागा धरून ठेवली. कोणी आलं की म्हणायची, फोगलाल्त. लोक ऐकायचे, कारण तोवर त्यांना कळलं होतं. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीला आत आणलं, तिला उभं राहवत नव्हतं. ती काही बोलली नाही, नुसतं पोत्याकडे पाहिलं. मुलीने रुमाल उचलला आणि तिला बसू दिलं.

"मी जागा सोडली म्हणून आई आली नाही, असं मला वाटलं," इलोनानेनी म्हणाल्या. "तसं नसतं, मला माहीत आहे. फार वर्षांपासून माहीत आहे. तरी एकाच माणसाची जागा असेल तिथे मला बसवत नाही." त्यांनी हातमोजा पुन्हा घातला. "हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या आजींनी विचारलं म्हणून." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोश्त ते."

सगळा गट माझ्या तोंडाकडे बघत होता. टूर मॅनेजर घड्याळावर बोट आपटत होता, पेस्टमध्ये एक वाजताचं जेवण ठरलं होतं, बस खाली उभी होती. मागे कोणीतरी चकल्यांची पिशवी उघडली होती. रडू फुटेल या भीतीने असेल, किंवा मनातून मी आधीच निघून गेले होते म्हणून असेल, मी म्हणाले, "त्या लहान असताना लढाईत त्यांची आई गेली. इथेच, तळघरात होत्या त्या. चला, जेवायला उशीर होतोय."

"अरेरे," आजी म्हणाल्या. त्यांनी इलोनानेनींच्या हातावर थोपटलं आणि कोणाचा तरी हात धरून उठल्या. गट चालायला लागला.

इलोनानेनी जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्या एका वेळेला त्या स्थिर उभ्या राहिल्या.

"मराठी," त्या मला म्हणाल्या, "फार छोटी भाषा आहे."

त्यात राग नव्हता. मग त्या गटाच्या पुढे गेल्या आणि उरलेली टूर नेहमीसारखी झाली. बसपाशी त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आठवड्याभराने मी इंग्लंडला आले. दोन वर्षं नाताळला कार्ड पाठवलं. त्यांची उत्तरं यायची, टेकडीवर कुठे काय फुललंय एवढंच असायचं त्यांत. तिसऱ्या वर्षी मी कार्ड आणलं आणि लिहिलं नाही.

*

ब्रिस्टलच्या त्या स्वयंपाकघरात युदित सूप गरम करत होती, लाल मिरचीचं आणि शहाजिऱ्याचं. वास सगळ्या घरभर. बाहेरच्या खोलीत इलोनानेनींच्या फेऱ्या चालू होत्या. खिडकी, दार, खुर्ची. खुर्चीशी आल्या की कार्डिगन सरळ करायच्या. ईरा जिन्याच्या पायरीवर बसून ते बघत होती.

"आठवड्यातून तीन दिवस ती डे सेंटरला जाते," युदित म्हणाली. "म्हणजे, जात होती. तिथेही तेच. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या माणसाला तिने बाही ओढून उठवलं. पडला असता. आता मंगळवारी मीटिंग आहे, ठेवायचं की नाही याची. तिला तिथे आवडतं. मला काही सुचत नाही. डॉक्टर म्हणतात, या आजारात असं होतं, कारण शोधू नका."

"कारण आहे," मी म्हटलं.

तिने चमचा खाली ठेवला.

मी सांगितलं. पोतं, रुमाल, बादली, म्हातारी. माझं इंग्लिश अडखळत होतं, ऑफिसमध्ये कधी अडखळत नाही तसं. युदित पाठ वळवून उभी होती. सूप उकळून वर आलं तेव्हा तिने गॅस बंद केला, पण वळली नाही.

"माझी आजी लढाईत गेली, एवढंच मला माहीत होतं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तिने हे सगळ्यांसमोर सांगितलं? तिने?"

"हो."

"मग लोक काय म्हणाले?"

या प्रश्नाला मी मार्चपासून घाबरत होते. मार्चपासून म्हणजे तरी काय, तेरा वर्षं.

"लोकांना कळलंच नाही," मी म्हटलं. "मी त्यांना सांगितलं नाही. जेवायला उशीर होतोय म्हटलं. तिचं सगळं एका वाक्यात उरकलं मी. आणि ते तिला समजलं."

आता युदित वळली. ती चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी तिला कधी विचारलंही नाही," ती म्हणाली. "ती कॉफी उभ्याने का पिते, हे मी लहानपणापासून बघत आले."

तिने ताटलीत सूप वाढलं, टेबलावर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत गेली. मी दारात थांबले. इलोनानेनी खिडकीकडून खुर्चीकडे येत होत्या. युदित खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तिने पाठीवर, कार्डिगनवर ठेवले. हंगेरियनमध्ये काहीतरी म्हणाली, अगदी साधेपणाने, बसमध्ये एखादीने शेजारणीला म्हणावं तसं. ते तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, 'मी धरते जागा. तू जेवून घे.'

इलोनानेनींनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. पुन्हा हातांकडे. मग स्वयंपाकघरात आल्या, टेबलापाशी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांनी अर्धी ताटली सूप प्यायलं, मधेमधे मान वळवून बाहेर बघत. युदित तिथेच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही.

पाच-सात मिनिटं झाली असतील. मग इलोनानेनी उठल्या आणि पुन्हा खिडकीकडे गेल्या.

निघताना युदित म्हणाली, "मंगळवारी मी त्यांना हे सांगेन. तिला दोन खुर्च्या लागतील, एवढंच." मग मला तिने मिठी मारली, थोडी अवघडून. "पुन्हा ये," म्हणाली. "तिला गिऱ्हाईक हवं असतं."

*

मोटरवेवर ईराने बूट काढून पाय सीटवर घेतले. जुलैचं लांबलेलं ऊन, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू. रेडिओ मी लावला, बंद केला, परत लावला. मिल्टन कीन्सच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "आई, तो खुर्ची कोणाचा होता?"

"ती खुर्ची. कोणाची."

"ती खुर्ची कोणाची होती? तू किचनमध्ये सांगत होतीस, मला सगळं ऐकू नाही आलं. मराठीत सांग ना, सावकाश."

मी सांगायला लागले. टेकडीपासून, दगडी कोनाड्यांपासून. ईरा मधेच थांबवायची. "तळघर म्हणजे?" सांगितलं. "वेढा म्हणजे?" ते सांगायला जास्त वेळ लागला. पोतं तिला माहीत होतं, भारतात तांदळाचं पाहिलं होतं. "बर्फ का आणायचं? नळाला पाणी नव्हतं?" मग नळ, बॉम्ब, पाण्याची टंचाई. रस्त्यावर घोडे का मेले होते, ते तिला दोनदा सांगावं लागलं आणि दोन्ही वेळा तिने खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या घराजवळचा गोल चौक आला तेव्हा आई नुकती बादली घेऊन वर निघाली होती आणि रुमाल पसरून झाला होता.

मी वळले नाही. चौकाला पूर्ण फेरी मारली आणि ज्या रस्त्याने आलो होतो त्याच रस्त्याला पुन्हा लागले.

"आई, आपलं वळण गेलं," ईरा म्हणाली.

"माहितीये," मी म्हटलं. "मग त्या मुलीने काय केलं, ऐक."